पंचायतीच्या पाण्यावर लावलेलं जांभूळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सही करतो, सातबारा वाचतो, आन् दिलेला शब्द विसरत नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला लई ताठा. त्या ताठ्यानं काय केलं ते कागदावर लिहितोय, कारण तोंडानं सांगवत नाही.

शिरूर तालुक्यातलं आमचं गाव, केंदूरच्या अंगाचं. पाऊस कमी, माळ जास्त. दोन वर्षांमागं वरून टार्गेट आलं. हवा तापत चालली, म्हणून गावात जेवढी माणसं तेवढी झाडं जगवायची. पंचायतीनं त्यात एक चांगली गोष्ट काढली. माणूस गेलं की रक्षा नदीत सोडायची नाही. गायरानात खड्डा घ्यायचा, रक्षा त्यात टाकायची, वर रोप लावायचं. तीन वर्षं पाणी पंचायतीनं घालायचं. ग्रामसभेत ठराव आला तेव्हा पहिला हात माझा वर गेला. बायको बायकांच्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "एवढ्या झटक्यात हात वर केलात. कुणाला लावायची घाई झालीया?"

मी हसलो. पुढच्या माघात तीच गेली.

सावडायच्या दिवशी दौंडकडं दिलेली लेक म्हणाली, "आबा, आईला आमच्या बांधावर लावू. कॅनॉलचं पाणी हाय, उसासंगं तिलाबी मिळंल."

"ती या गावची सून हाय," मी म्हणालो. "तिला गाव पाणी घालंल. ठराव झालाय."

लेक रडली, पण माझ्यापुढं कुणाचं चालत नाही. जांभळाचं रोप लावलं. तिला जांभळं लई आवडायची. म्हातारपणीसुद्धा खाऊन झाली की जीभ बाहेर काढून दाखवायची, बघा कशी झाली म्हणून.

आठवड्यातनं दोनदा टँकर यायचा. मी खड्ड्यापाशी उभा राहायचो. रोपाला नवी तांबूस पानं फुटली. मग चैत्रात टँकर बंद झाला.

मी पंचायतीत गेलो. ग्रामसेवकाला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"आबा, नळयोजनेचं आन् रस्त्यावरल्या दिव्यांचं बिल भरता भरता पंचायतीचं कंबरडं मोडलंय. टँकरला डिझेल कुठनं घालू?"

"मग ठराव कशाला केला?"

"टार्गेट आलं म्हणून केला. टार्गेट लवकर येतं, निधी मागनं येतो. कवा कवा येतच न्हाई."

"ठरावात पाणी कुणी घालायचं लिहिलंय?"

"पंचायतीनं."

"मग झालं तर."

भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "आबा, तुमचं बोर चालू हाय ना? दोन कळश्या नेऊन वता की."

खरंच चालू होतं. हे लपवून काय करू? माझ्या बोरपासून गायरान हाकेच्या अंतरावर. पण मला राग आला तो त्याच बोलण्याचा. शब्द यांनी द्यायचा आन् कळशी मी उचलायची?

गायरानात आमच्या आळीतली एक सून कॅन घेऊन आलेली दिसली. तिची सासू तिथंच आहे, चिंचेखाली. ती मला म्हणाली, "मामा, उरलंय थोडं. जांभळाला वतू का?"

"नको. तूबी घालू नको. आपण घालत बसलो तर पंचायत कशाला घालंल? हक्क सोडायचा नसतो."

"व्हय मामा. सासूला तहान लागली तर आदी पंचायतीला इचारते."

मी तिच्यावर ओरडलो. तिनं कॅन डोक्यावर घेतला आन् निघून गेली. त्या दिवसापास्नं मी गायरानात जायचं बंद केलं. म्हटलं, जाईन तर टँकरसंगंच जाईन.

रोज पंचायतीत जाऊन बसायचो. शिपाई दारातनंच म्हणायचा, "आबा आले, ठराव आला." बाकीचे हसायचे. मला वाटायचं, हसू द्या, मी तिच्यासाठी भांडतोय. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. "आबा, आईला पाणी मिळालं का?" मी म्हणायचो, "मिळालं." सासरच्या माणसांपुढं तिच्या गावाची लाज जाऊ नये म्हणून. आधी असंच वाटायचं. आता वाटतं, माझीच जात होती.

शेवटी सरपंचबाई कंटाळल्या. म्हणाल्या, "एक खेप पाठवा बाबा, आबांचं तोंड तरी बंद हुईल." मी जिंकलो. डोक्याला पटका बांधून भर दुपारी टँकरच्या पुढं चालत गायरानात गेलो.

चिंच हिरवी होती. पलीकडचे दोन कडुलिंब हिरवे होते. घरच्यांनी कॅननं, हंड्यानं जगवलेले. जांभळाला एक पान नव्हतं. मी खाली बसलो, बुडाशी नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसंल म्हणून बघितलं. तपकिरी होतं. अजून खाली खरवडलं, तिथंही तसंच.

ड्रायव्हर पाइप धरून उभा. "आबा, सोडू का पाणी?"

"सोड."

खड्डा भरला. माती बुडबुडत राहिली.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब आले. जिवंत झाडांचे फोटो मोबाइलवर वर पाठवायचे होते. हळूच म्हणाले, "आबा, नांगी भरून टाकू. रोपवाटिकेतनं दुसरं रोप आणलंय."

मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं म्हंजी नांगी भरायची. जन्मभर मिरचीत, कोबीत तेच केलं. उपटायचं, लावायचं, पुढं सरकायचं. पण तिथं कुदळ कशी लावू द्यायची?

"खाली ती हाय," मी म्हणालो.

"मग मेलं म्हणून लिवावं लागंल."

"लिवा."

त्या संध्याकाळी लेकीनं नेहमीसारखं विचारलं, आईला पाणी मिळालं का. मी सगळं सांगून टाकलं. टँकर कवा बंद झाला ते, आळीतल्या त्या सुनेला काय बोललो ते, बोर चालू होतं ते.

ती म्हणाली, "म्हंजी मी रोज इचारत व्हते तवा ती वाळत व्हती?"

"व्हय."

तिनं फोन ठेवला.

अजून तिचा फोन येतो, नाही असं नाही. जेवलात का, गोळी घेतली का, गुडघा कसा हाय, एवढं विचारते. आईचं विचारत नाही. मी मात्र रोज वाट बघतो, आज विचारील म्हणून.