टोपीच्या जागी पुस्तक

साल दोन हजार पंचवीस, माझं वय शहात्तर. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि मी बांधावर बसून रानडुकरांनी काय नासलं ते बघत होतो, तेवढ्यात पोराचा फोन आला. त्यानं आधी माझी तब्येत विचारली. सकाळी माझ्यासंगं चहा पिऊन निघालेला पोरगा फोनवर बापाची तब्येत विचारतो म्हटल्यावर मला उमगलं. मीच म्हणालो, "वालूरचा फोन आला व्हता का?" तो "हो" म्हणाला. माझे व्याही, माझ्या सुनेचे वडील, माणिकराव गेले. या वयात अशी बातमी आली की माणूस दचकत न्हाई, नुसता खाली बसतो. मी तर आधीच बसलेला होतो, तसाच बसून राहिलो. घरी आलो तर सून मंगल पिशवी भरत होती. रडत नव्हती. "मामा, दोन घास खाऊन घ्या, मग निघू," म्हणाली. बापावानीच बोलली, सावकाश.

महिना उलटून गेला. व्याह्यांचा मुलगा विनायक म्हणाला, मामा, पेपरच्या पुरवणीत आठवणी छापतेत, तुमी लिहा. मी दुसरी शिकलेला माणूस. पण न्हाई म्हणायची मला सवय न्हाई, म्हणून लिहायलोय. शुद्ध-अशुद्ध छापणारानं बघावं, मतलब मात्र माझाच ठेवावा.

आमचं गाव येलदरीच्या धरणाकडं, त्यांचं वालूर. माणिकराव वालूरच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम बघायचे. सोयरीक जमली तेव्हा मला त्यांच्या धंद्याशी मतलब नव्हता. पोरगी चांगली, घर चांगलं, बास. पहिली ठिणगी पडली ती लग्नाच्या मांडवात. आमच्याकडं रीत अशी, की आहेराच्या टायमाला लाऊडस्पीकरवर नाव पुकारतात, पोरीचा बाप पुढं येतो, पोराच्या बापाच्या खांद्यावर टावेल टाकतो, डोक्यावर नवी टोपी घालतो, मग दोघं गळ्यात पडतात. माझं नाव पुकारलं. मी जुनी टोपी काढून खिशात घातली आणि डोकं पुढं करून वाकलो. टावेल पडला. टोपी काही पडंना. अख्खा मांडव बघत होता आणि मी उघड्या डोक्यानं वाकलेला... वर बघितलं तर व्याह्यांनी माझ्या हातात पुस्तक ठेवलं. आमच्याच पाव्हण्यांतला एक जण मागून म्हणाला, पाटी-पेन्सिल आणायची राहिली वाटतं. सगळे हसले. मी व्याह्यांना म्हणालो, "ही बेइज्जत कशापायी?" तर ते शांतपणे म्हणाले, "टोपी तुमच्याजवळ हाय की, व्याही. हे न्हाई तुमच्याजवळ." मी तिथूनच माघारी निघणार होतो. आमची मंडळी मागं उभी होती, तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि सोडलीच न्हाई, म्हणून लग्न पार पडलं. आज ते न्हाईत तरी मी सांगतो, टोपी द्यायला पाहिजे होती. पुस्तक द्यायचं तर टोपीच्या वर द्यावं, टोपीच्या जागी देऊ नये. माणूस मेला म्हणून माझं मत बदलणार न्हाई.

ते पुस्तक म्हणजे कादंबरी होती. नाव सांगत न्हाई, कारण नाव सांगून पुस्तक देणं व्याह्यांना पसंत नव्हतं. त्यांची रीतच न्यारी. वाचनालयात कुणी आलं की ते कपाटाकडं बघायचे न्हाईत, आधी माणसाकडं बघायचे. लेखक कोण, बक्षीस कोणतं, काही न्हाई. आत काय हाय ते सांगायला लागायचे, आणि बरोबर अर्ध्यात सोडून द्यायचे. एकदा माझ्यासमोर एक बाई पोराचं पुस्तक वापस करायला आली. दुसरंच पुस्तक पुढं करून तिला म्हणाले, "ह्यात एक बाई हाय. तिला नवऱ्यानं सांगितलं, घराबाहेर पाय ठेवायचा न्हाई. तिनं न्हाई ठेवला. पण तिनं काय केलं..." एवढं बोलून चष्मा पुसायला लागले. ती बाई उभी. बराच वेळ उभी. शेवटी पदराखाली पुस्तक घालून गेली. मी म्हणालो, ही तर फसवणूक झाली. म्हणाले, "व्याही, भुकेल्याला ताटाचा वास द्यायचा, घास त्यानं घ्यायचा."

माझी कादंबरी एका नावाड्याची होती. नदीवर पूल होतो, लोक पुलावरून जायला लागतात, तरी हा गडी रोज होडीजवळ जाऊन बसतो. मला वाचायला पुरता एक पावसाळा लागला. जोडाक्षर आलं की चढ आल्यावानी व्हायचं, बैल थांबवून दम खावा तसा थांबायचो. वाचून झालं आणि मी मुद्दाम वालूरला जाऊन भांडलो. म्हणालो, हा कसला माणूस, पूल झाला तर होडी विकावी, दुसरा धंदा बघावा, कुढत काय बसायचं. व्याही इतके खूश झाले की त्यांनी आतून दोनदा चहा मागवला. "विकली असती तर पुस्तक तिथंच खतम झालं असतं," म्हणाले. मी म्हणालो, झालं असतं तर काय बिघडलं असतं, माझा पावसाळा वाचला असता. तेव्हापासून त्यांना माझी चटकच लागली. एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पुस्तक धाडायचे. मी वाचायचो, खोट काढायचो, वापस करायचो. चांगलं होतं असं मी एकाही पुस्तकाला म्हटलं न्हाई. त्यांनीही कधी म्हणायला लावलं न्हाई.

मग आमची मंडळी गेली. तिच्या तेरवीला व्याही आले ते रीतीप्रमाणं टावेल-टोपी घेऊन. मला टोपी घातली, नीट बसवली. त्या दिवशी पुस्तकाचं नाव काढलं न्हाई. मी घर धरून बसलो. शेतात जाईना, पारावर जाईना. पोरगा बोलायचा, सून ताट आणून ठेवायची, तसंच उचलून न्यायची. तिनंच बापाला कळवलं असावं. एक दिवस व्याही स्वतः आले, काखेत पाखरांचं पुस्तक. चित्रं, खाली नाव, कुठं दिसतं, काय खातं, कधी येतं. वाचायला कमी, बघायला जास्ती. म्हणाले, "व्याही, हे घरात बसून वाचता येत न्हाई." मला हाताला धरून धरणाच्या पाण्यावर घेऊन गेले. थंडीचे दिवस होते. लांब पाण्याकडेला बदकं बसली होती. लहानपणापासून बघत आलो, आम्ही बदकंच म्हणतो. व्याह्यांनी पान काढलं, डोक्यावर दोन काळे पट्टे दाखवले आणि म्हणाले, हे बदक न्हाई, हंसाच्या जातीचं हाय, हिमालय वलांडून येतंय. मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. म्हणालो, "एवढा पहाड चढून येलदरीला कशाला यील? इथं काय हाय?" ते म्हणाले, "ते मला काय म्हाईत. उद्या या आणि त्यालाच इचारा." दुसऱ्या दिवशी मी गेलो, ते खोटं पाडायला गेलो. मग रोज जायला लागलो. पट्टे खरंच होते, ते मी कबूल केलं. हिमालयाचं अजून कबूल न्हाई. पण बाहेर पडलो ते पडलोच, तेवढं लिहितो.

त्यानंतर मात्र त्यांनी हद्द केली. लेकरांच्या गोष्टीचं पुस्तक धाडलं. पातळ, रंगीत, अक्षर हरभऱ्याएवढं. मला वाटलं चुकून आलं. फोन केला तर म्हणाले, तुमालाच हाय. मी म्हणालो, मी काय लेकरू हाय का? म्हणाले, "म्हातारपणी वाचायचं म्हणूनच लेकराचं हाय. आत एक गोगलगाय हाय, व्याही, तिला बाजार बघायचाय..." आणि फोन ठेवून दिला. फोनवरसुद्धा अर्ध्यात सोडायची खोड. मी रागानं ते पुस्तक फडताळात टाकलं. मग एकदा घरात कुणी न्हाई बघून काढलं, आणि शेतात नेऊन वाचलं, गड्यांना दिसू नये म्हणून टावेलात गुंडाळून नेलं. ते मी वापस केलं न्हाई. ते विचारायचे, मी म्हणायचो अजून हात लावला न्हाई. पुन्हा वाचायचं होतं, म्हणून.

दिवाळीनंतर भेटलो ती शेवटची भेट. समोरच्या खोलीत खाटेवर बसलेले, दोन शब्द बोलले की थांबायचे. दम लागायचा. वाचनालय सुटलंच होतं. मी हरभऱ्याचं सांगितलं, धरणात पाणी किती ते सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "व्याही, मी तुमाला इतकी पुस्तकं सांगितली... तुमी मला एकबी न्हाई सांगितलं." मी म्हणालो, मी कुठून सांगू, मला कोण पुस्तक देतंय तुमच्याशिवाय. ते म्हणाले, "ते तुमी बघा. पुढच्या खेपेला एक सांगा. मी वाट बघतो." मी ताठ्यानं म्हणालो, "सांगीन की, त्यात काय." शब्द दिला. आमच्यात दिलेला शब्द मागं घेत न्हाईत. पुढची खेप झाली ती त्यांच्या मयताची.

तेरवीला निघालो तेव्हा पिशवीत विनायकसाठी टावेल-टोपी होती आणि खाली ते लेकराचं पुस्तक, वाचनालयात जमा करायला. जिंतूरला एसटी बदलून वालूरपर्यंत मी एकच गोष्ट घोळवत होतो. कोणतं सांगायचं? नावाड्याचं, पाखरांचं, गोगलगायीचं... सगळी त्यांनीच दिलेली. त्यांचंच त्यांना सांगायचं म्हणजे व्याह्यानं दिलेला टावेल घडी मोडून व्याह्यालाच आहेर करण्यासारखं. अशी माणसं हायेत आमच्याकडं, पण मी त्यातला न्हाई. आणि सांगायचं तरी कुणाला? फोटोला? हार घातलेल्या फोटोसमोर बडबडणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं. विनायकला टोपी घातली, जवळ घेतलं. शिकलेले लोक भाषणाला उभे राहिले, चांगलं बोलले. मला बोला म्हणाले, मी हात जोडले. मंगल माहेरी राहणार होती, मीही राहिलो, उठायची ताकद नव्हती म्हणून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो होतो. आत दाराच्या आड विहीणबाई बसल्या होत्या. आमच्यात व्याही-विहीण सरळ बोलत न्हाईत, मध्ये कुणीतरी लागतं. इतक्या वर्षांत त्यांचा माझा एक शब्द झालेला न्हाई. मंगल मध्ये शेंगा फोडत होती. आतून आवाज आला, "मंगे, तुझ्या सासऱ्याला इचार, पिशवीत काय हाय. कालपासून जवळ घेऊन बसलेत." मी मंगलला सांगितलं, पुस्तक हाय, जमा करायचंय. "कशाचं हाय म्हणावं." मी म्हणालो, लेकराचं हाय म्हणावं. मंगल एकदा आत बघायची, एकदा बाहेर, आणि तिला हसू आलं, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. मग कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली. मला वाटलं बोलणं संपलं. तर विहीणबाई सरळ माझ्याशी बोलल्या. "मला कधीच न्हाई सांगितलं. अख्ख्या गावाला पुस्तकं सांगायचे. मी म्हणायची, मलाबी सांगा एखादं. तर म्हणायचे, तुला वाचता येत न्हाई, अर्ध्यात सोडलं तर तुझा जीव टांगून राहील. अन् पुरं सांगणं मला जमत न्हाई."

मी पुस्तक बाहेर काढलं. अंगणाकडं बघत बोलायला लागलो, तोंड वळवायची हिंमत झाली न्हाई. "एक म्हातारी हाय. तिच्या घरात एक गोगलगाय. तिला बाजार बघायचाय. रोज दिवस उगवला की ती चुलीपासून निघती आणि दिवस बुडूस्तोवर उंबऱ्यापर्यंत पोचती. म्हातारी रोज तिला इचारती, कुठवर आलीस गं? मग एक दिवस म्हातारी आजारी पडती..."

आणि मी थांबलो. मुद्दाम न्हाई थांबलो, पुढं सांगवेना. आत बांगड्या वाजल्या. विहीणबाई दाराच्या जवळ सरकल्या असाव्यात.

"मग?" त्या म्हणाल्या.

मी खुर्ची फिरवून दाराकडं तोंड केलं, पहिलं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.