विलासभाऊचं नख

गायन पार्टीत गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. कार्यक्रम दोन-अडीच तासांचा, पण त्याच्यासाठी जीपमध्ये दाटीवाटीने बसून अख्खा दिवस जातो. वर पेटी मांडीवर, ढोलकी पायाशी, आणि कोणाचा पाय कुठे आहे ते देवालाही सांगता येणार नाही. अशात माणूस बोलणार नाही तर काय करणार? मी वडनेर भोलजीच्या आमच्या पार्टीत कोरस म्हणते, दिवसा अंगणवाडी चालवते. दोन्हीकडे काम एकच, सगळ्यांना एका सुरात ठेवायचं!

यंदाचे किस्से मात्र सगळे एका नखाभोवतीच जमले. आता हसू येतं. तेव्हा हसायची सोय नव्हती.

* * *

नख विलासभाऊचं. विलासभाऊ आमचा ढोलकीवाला, दिवसा पंक्चरचं दुकान. भीमजयंती महिन्यावर आलेली, आणि टायर काढताना लोखंडी पट्टी निसटली. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. नख टोकापासून मध्यापर्यंत उभं चिरलं. ढोलकीवरचं सगळं बारीक काम त्याच बोटाचं!

गड्याने कोणाला सांगितलं नाही. प्रॅक्टिसला गुपचूप येऊन बसला. बेबीताई, आमची मुख्य गायिका, पाणी प्यायला उठली तर तिचा पदर मागेच राहिला. विलासभाऊच्या नखात अडकला होता. विलासभाऊचा चेहरा पांढराफटक.

"ताई, हलू नोका! हात जोडतो, हलू नोका!"

बेबीताई अर्धी वाकलेली, विलासभाऊ दात आवळून बसलेला, आणि मी एकेक धागा सोडवतेय. सुटल्यावर ताईने बोट पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"बीबीचा मुकाबला हाये, मालूम हाये ना तुले?"

बीबी गावाला जयंतीत दोन पार्ट्या आमनेसामने गातात. एक गाणं त्यांचं, एक आमचं. गेल्या वर्षी लोणारच्या प्रल्हादभाऊने ढोलकी अशी पळवली की आमचं गाणं लोकांनी ऐकलंच नाही. बीबीकरांनी निरोप धाडला होता, यंदा जी पार्टी पडेल तिला पुढे बोलावणं नाही. आणि बीबी हे बेबीताईचं माहेर! माहेरच्या मंचावरून कायमचं उतरायचं म्हणजे काय, ते बाईमाणसाला समजावून सांगावं लागत नाही.

* * *

डॉक्टर आमच्या ओळखीचे. त्यांनी बोट उजेडात धरलं.

"नख जुळत नसतं. चिरलेला भाग वाढत वाढत पुढे येईल, तसा कापत जायचा. तोवर कुठे अडकू द्यायचं नाही, पाण्यात जास्त भिजू द्यायचं नाही. काही महिने लागतील."

"साहेब, मले महिन्याभरात वाजवायचं हाये."

"मग कार्यक्रम पुढे ढकला!"

"साहेब... जयंती हाये!"

डॉक्टरांनी पुढे ढकलायचा विषय तिथेच सोडला. दरवर्षी मिरवणुकीत ते स्वतः सगळ्यांच्या पुढे नाचतात.

* * *

मग विलासभाऊने स्वतःच डोकं चालवलं. दुकानात झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब होतीच. पण नुसता गोंद चिरेवर टिकेना, मध्ये काहीतरी भराव हवा. आता आमच्याकडे भराव म्हटला की पहिल्यांदा काय आठवणार? कापूस! उशी फाटली, कापूस. कान दुखला, कापूस. दरवाजा वाजतो, कापूस. घरात मागच्या वेचणीचा उरलेला होताच. नखावर छान मऊ बोळा बसवला आणि वरून अर्धी ट्यूब पिळली.

क्षणभर काही नाही. मग बोटातून धूर निघाला!

खरंच सांगते, धूर! हा गोंद कापसावर पडला की तापतो, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं? विलासभाऊ ओरडत अंगणात पळाला आणि गाईच्या टाक्यात कोपरापर्यंत हात बुडवला. त्याची बायको सुनीता धावत बाहेर आली.

"काऊन बोंबलून राह्यले?"

"बोट पेटलं!"

"मंग वाजवा आता दिवाळी!" सुनीता म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिलाही बीबीचं टेन्शन होतंच.

* * *

माझ्या भाचीचं नांदुऱ्यात पार्लर आहे. तिला फोन लावला तर ती माझ्यावरच खवळली. "मावशी, कापूस कोणी लावते का? डिपच्या चहाची पिशवी आण. तिचा कागद पातळ अन् चिवट राह्यते."

अख्ख्या गावात डिपचा चहा मिळेना. आमच्याकडे चहा उकळतात, बुडवत नाहीत! शेवटी ग्रामसेवकाच्या ड्रॉवरमध्ये एक पिशवी सापडली. पाहुण्या साहेबासाठी ठेवलेली आणि साहेब कधी आलेच नव्हते.

भाजून आलेला फोड सुकल्यावर विलासभाऊला पार्लरमध्ये घेऊन गेले. दारावर 'फक्त महिलांसाठी'. आत एक नवरी आणि तिच्या दोन काकू. विलासभाऊ घामाघूम.

"वहिनी, मी ढोलकीच्या कामानं आलो," तो विचारलं नसताना काकूंना सांगू लागला.

भाचीने नेलपेंट पुसायच्या पाण्याने जुना गोंद काढला, चिरेची कड हलक्या हाताने घासली, कागदाचा चिमुकला तुकडा कापून चिरेवर बसवला आणि गोंदाचा एकच थेंब सोडला. आम्ही सगळे श्वास रोखून धूर निघतो का पाहतोय! निघाला नाही. वाळल्यावर वरून घासून गुळगुळीत केलं. नवरीची काकू म्हणाली, "माय! पोरीपरीस याचंच नख बरं दिसून राह्यलं!"

* * *

त्यानंतर ते बोट गावाचं झालं. विलासभाऊ टायरला हात लावेना, लसूण सोलेना, आंघोळीलाही बोटावर फुगा चढवी. सुनीता म्हणाली, "माह्या बाळंतपणात बी कोणी मले इतकं जपलं नाही!"

एका लग्नात पंगतीला बसलो. विलासभाऊ बोट उभं धरून जेवायचा, वरण लागू नये म्हणून. वाढप्याला वाटलं, आणखी एक पोळी मागतो. त्याने वाढली. बोट तसंच. आणखी वाढली. ताटात पोळ्यांची चळत झाली तेव्हा वाढपी म्हणाला, "भाऊ, बाकीच्यायले बी उरू द्या!"

* * *

आणि बीबी.

जीपचं दार मी स्वतः लावलं, विलासभाऊला हात लावू दिला नाही. मंच भरलेला, समोर बेबीताईचं सगळं माहेर. पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्यात टप्प असा आवाज आला आणि कागद उचकटला. मी शेजारीच होते, मला दिसलं. विलासभाऊने झटक्यात चिकटपट्टी गुंडाळली आणि लय खाली आणली. बेबीताईने डोळे वटारले. मग काय समजायचं ते समजली आणि संथ गाऊ लागली, एकेक शब्द सोडत. मला वाटलं, संपलं! आता प्रल्हादभाऊ सुटेल आणि आपल्याला पाचोळ्यासारखं उडवून लावेल!

प्रल्हादभाऊने ढोलकी जवळ ओढली. आणि आमच्यापेक्षाही संथ वाजवली.

आम्ही आणखी हळू. ते त्याहून हळू. शेवटी शेवटी रांगाच्या रांगा डोळे पुसत होत्या. पुढे बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, "इतक्या वर्षात पह्यल्यांदा गाण्यातले बोल समजले बाप्पा!" बीबीकरांनी तिथेच जाहीर केलं, पुढच्या वर्षी दोन्ही पार्ट्या, आणि वाजवायचं असंच! बेबीताईला तिच्या वहिनीने मिठी मारली आणि मग मलाही रडू आवरेना.

रिवाजाप्रमाणे दोन्ही ढोलकीवाले समोरासमोर आले. हात जोडले. "जय भीम!"

जोडलेल्या हातांत दोघांचंही तेच बोट, चिकटपट्टीत.

दोघं एकमेकांच्या बोटाकडे बघत राहिले. मग विलासभाऊने हळूच विचारलं, "कापूस लावला होता का?"

प्रल्हादभाऊने आधी आजूबाजूला पाहिलं.

"हाव ना गड्या. धूर निंघाला!"