मीटरची काच

कुवेतमधल्या महबूलाला आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक गृहस्थ राहत. मोटारसायकलच्या मीटरची काच उन्हाने पिवळी पडायला लागली, तेव्हापासून ते दुपारी गाडी बाहेरच काढत नसत. स्वतः मात्र भर उन्हात बोडक्या डोक्याने चालत जात. मी हसलो की म्हणत, "माझं कातडं फुकटचं आहे हो. ही काच इथे मिळत नाही."

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्याच धामधुमीत एका दुपारी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. रस्त्यावर टॅक्सी नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी काढली आणि जवळच्या अहमदी गावाहून ओळखीच्या नर्सबाईंना मागे बसवून आणलं. आम्हाला मुलगी झाली. तोवर गाडी दारात उन्हात तापत होती. मीटरची काच आरपार तडकली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

पुढच्याच आठवड्यात सैनिक ती गाडी घेऊन गेले. मी धावत खाली गेलो.

"तडकल्यावर नेली ते बरं झालं," ते म्हणाले. "काच धड असती तर जिवाला लागलं असतं. पोर नीट दूध पिते ना?"