वयनीचा बाजार

बुधवार, १९ नोव्हेंबर. शुक्रवारी रंगारी येणार, म्हणून आज रजा टाकून मागची पडवी रिकामी करायला घेतली. जुने डबे, फुटकी घमेली, नारळाची सोडणं हलवून झाली. राहिले भिंतीतले चार खिळे. ते वयनीचे. वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या चुली वेगळ्या, पण विहीर आणि पडवी एक. एका खिळ्याला तिची मासळीची पिशवी, मग भाजीची, मग पावाची आणि शेवटच्या खिळ्याला देवाची. मासळीची विहिरीकडच्या टोकाला, देवाची स्वयंपाकघराच्या दाराशी. मासळीच्या पिशवीने देवाच्या पिशवीचा वाराही घ्यायचा नाही, हा नियम. कोणी चुकून पिशवी भलत्या खिळ्याला लावली तर वयनी बोलत नसे. त्या माणसाच्या देखत ती पिशवी काढी, विहिरीवर नेऊन पुन्हा धुई आणि जागेवर लावी. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ती जन्मापासून अशी होती, असं मात्र कोणी समजू नये. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा डिचोलीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीलाही प्लास्टिकची पिशवी मिळे, आणि वयनी ती आनंदाने घेई. घरी आणून धुई, दोरीवर वाळवी, घडी करून गादीखाली ठेवी. फाटली की तीत कचरा भरून साडीच्या काठाच्या चिंधीने तोंड घट्ट बांधी आणि नदीकडच्या उतारावर टाकून देई. आमचं सगळं नार्वे गाव तिथेच टाकत असे. मीही टाकलं आहे.

मग एका पावसाळ्यात मानस अडली. नदीच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे मानस म्हणतात. भरतीला ते मिटायला हवं, ते मिटेना. खारं पाणी शेतात शिरलं आणि आमच्यासकट साऱ्यांचं लावलेलं भात पिवळं पडलं. ओहोटीला पुरुषमंडळी चिखलात उतरली आणि दारात अडकलेला प्लास्टिकचा लगदा ओढून बांधावर टाकू लागली. बायका बघत उभ्या होत्या. वयनी पुढे झाली, वाकली आणि त्या लगद्यातून एक पिशवी वेगळी केली. तोंडाला साडीच्या काठाची चिंधी होती.

"ही म्हजी," ती म्हणाली.

माझे दीर चिखलात कमरेएवढे उभे होते, ते दुसरीकडेच बघायला लागले. कोणीतरी समजूत घातली, "वयनी, हांगा सगळ्यांच्योच आसात."

"आसूं. पूण ही म्हजी."

ती पिशवी तिने घरी आणली आणि उघडून आतला कचरा माडाच्या बुडाशी पुरला. त्याच आठवड्यात तिने शिवणयंत्रावरचं कापड काढलं. दीर खाणीवर ट्रक चालवत. त्यांच्या फाटक्या ताडपत्रीची मासळीची पिशवी झाली. परकराच्या जाड कापडाची भाजीची, पांढऱ्या पंच्याची पावाची. पावाची पिशवी पहाटे फाटकाला टांगायची, म्हणजे पोदेर सायकलवरून येऊन तीत पाव टाकून जाई. देवाची पिशवी पिवळी, कारण फुलं आणि नारळ घेऊन दर सोमवारी देवळात जायचं. मासळी आणणं सगळ्यांत अवघड होतं. ताडपत्रीची पिशवी पाहून बाजारातली मासळीवाली खो खो हसली होती.

"बाय, ट्रक घेवन आयल्या काय गो?"

"ट्रकाचीच ती. भर."

पुढे त्याच मासळीवालीकडे लोक डबे घेऊन येऊ लागले. ते वयनीमुळे की वयनीच्या तोंडामुळे, मला सांगता येणार नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाने "पिशवी विसरली" म्हटलं की वयनी मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "पिशवी घरा विसरलें म्हणटा. पाकीट कशें विसरूंक ना?" माणूस वळून बघे तेव्हा ती बांगड्याचे कल्ले उघडून पाहत असे.

आपली पिशवी ती कोणाला उसनी देत नसे, मलाही नाही. एकदा मी विसरले. वयनी शेजारी उभी, हातात एक रिकामी पिशवी लोंबते आहे.

"वयनी, तुजी दी मगो."

"ना. दिली जाल्यार फाल्यां परत विसरतली तूं."

मग मी वांगी हेल्मेटमध्ये भरली, हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अडकवलं आणि वयनीला मागे बसवून निघाले. पुलाजवळ पोलिसाने अडवलं. आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "बाय, हेल्मेट तकलेर घालपाचें." मी काही बोलायच्या आत वयनीने मागून सांगितलं, "तिची तकली घरा उरल्या." पोलीस इतका हसला की त्याने दंड केला नाही. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. रात्री भरल्या वांग्याची वाटी तिच्याकडून आली.

दीर गेले, शिल्पा, तिची एकुलती मुलगी, लग्न होऊन फोंड्याला गेली, तरी वयनीचा बुधवार चुकला नाही. सकाळच्या बसने डिचोली, दुपारच्या बसने परत. बाजारात सगळे तिला ओळखत. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे सगळं भाजीबरोबर पिशवीतून घरी येई. आठवड्यातला तोच एक दिवस तिचा स्वतःचा होता.

गेल्या वर्षी गणपती उरकल्यावर एका बुधवारी ती बसमधून उतरली, आणि फाटकापासून पायरीपर्यंत पाण्याचे लाल थेंब पडत आले. तिच्या हातात पिवळी पिशवी होती. आत बांगडे.

मला त्या दिवशी सुट्टी होती, मी तांदूळ निवडत होते. वयनी पडवीत येऊन खिळ्यांसमोर उभी राहिली. विहिरीकडच्या खिळ्याकडे बघितलं, मग दाराकडच्या. मग पिशवीत.

"कोणें घातलें गो हातूंत नुस्तें?"

देवाच्या पिशवीत मासळी कोणी घातली, हे तिला कसं सांगायचं? मी उठून पिशवी हातातून घेतली आणि म्हटलं, "घाईत जालें, वयनी. धुतल्यार वता." विहिरीवर पिशवी आधी चिंचेच्या पाण्याने, मग साबणाने धुतली. वयनी रहाटाशी बसून बघत होती. पिशवी पिळून झाल्यावर म्हणाली,

"पिशवी धुतल्यार निवळ जाता. तकली कशी धुवची?"

तिला कळलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते आम्हाला नवीन होतं, तिला नव्हतं. बांगडे तिने मांजराला घातले आणि पुढचा सोमवार देवळात गेली नाही.

मी माझ्या परीने उपाय केले. प्रत्येक पिशवीवर कापड कापून चित्र शिवलं: मासा, वांगं, पाव, समई. वयनीने उलटसुलट करून बघितलं. "भुरग्यांची शाळा मांडल्या काय?" म्हणाली, पण वापरू लागली. कंडक्टरला सांगून ठेवलं, मासळीवालीला सांगून ठेवलं. शिल्पा फोनवर म्हणे, "काकी, तिचं बाजाराला जाणं बंद कर." मी म्हणे, ते बंद केलं तर उरलेल्या सहा दिवसांचं ती काय करील?

काही महिने निभलं. मग मार्चमध्ये एका बुधवारी दुपारची बस आली आणि वयनी आली नाही. कंडक्टरने कचेरीत फोन करून कळवलं. मी स्कूटर काढतच होते, तेवढ्यात फेरीच्या धक्क्यावरून फोन आला. वयनी बाजार भरून घेऊन नदीवर गेली होती आणि दिवाडीच्या फेरीबोटीत बसली होती. पलीकडे गेली, उतरली नाही, परत आली, उतरली नाही, पुन्हा पलीकडे. बोटीवरच्या माणसाने विचारलं, बाय, उतरायचं कुठे? ती म्हणाली, "घर येवंक ना आजून." मी पोचले तेव्हा दोन्ही पिशव्या मांडीवर धरून बसली होती. मासळी मासळीच्या पिशवीत होती, भाजी भाजीच्या. त्यात तिची एकही चूक नव्हती.

शिल्पा पुढच्या रविवारी गाडी घेऊन आली. ती वाईट मुलगी नाही. दोघं नवराबायको नोकरीला, घर तिसऱ्या मजल्यावर. तरी आईसाठी दिवसभराची बाई ठेवली, खोली दिली. मीही कचेरीत जाणारी, मी कोणत्या तोंडाने अडवणार? वयनी गाडीत बसली, काच खाली करायला लावली आणि मला जवळ बोलावलं.

"बाजाराक तरी वचूंक दितलीं मगो माका?"

"दितलीं, वयनी," मी म्हटलं. बाजाराला नेऊ म्हणून शिल्पानेही मान हलवली.

त्यानंतर दोन-तीनदा जाऊन भेटले. दर वेळी ती खिडकीशी बसलेली. चहा प्यायची, माझ्या साडीचा पदर बोटांनी चाचपून कापड कसलं ते बघायची, आणि निघताना विचारायची, "आज बुधवार मगो?" मी रविवारीच जाऊ शकत होते. "ना, वयनी" म्हणून जिना उतरत होते.

आज खिळ्यांचं विचारायला शिल्पाला फोन केला.

"काढून टाक, काकी. आई आता तिकडे परत कुठली येणार?"

"बाजाराला नेतेस का गं तिला?"

"कशी नेऊ? सुट्टीच्या दिवशी घरातलंच आवरत नाही. तिसरा मजला, लिफ्ट ही अशी बंद. सामान सगळं घरपोच येतं. आणि आता ती विचारतही नाही, काकी."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना."

"मी उद्या येते," मी म्हटलं.

"उद्या? रजा मिळेल?"

"टाकली की मिळते."

खिळे पक्कडीने काढले. भोकं बुजवायला रंगाऱ्याला सांगायचं आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळच्या बसने फोंड्याला गेले. वयनीला हिरवी साडी नेसवली, केस विंचरले, आणि मी आणि ती कामाची बाई, दोघींनी दोन बाजूंनी धरून तिला तीन जिने उतरवलं. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. पण मासळी बाजाराच्या दाराशी वास आला तसा तिने माझा हात सोडला. लोकांना कोपराने सारत पुढे गेली. पहिल्याच ओट्यावर बांगडा उचलला, कल्ला उघडला आणि जाहीर केलं, "कालचे." मासळीवाली चिडली. वयनी तोवर पुढच्या ओट्यावर. तिथला बांगडा पसंत पडला, भाव तोडला, वर एक जास्त घालायला लावला. मी मागे उभी राहून बघत होते. माझी पिशवी काढून दोन्ही हातांनी उघडून धरली होती.

मासळीवालीने बांगडे पातळ पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले, तोंडाला गाठ मारली आणि पुढे केले. वयनी आता काय बोलते, म्हणून मी थांबले.

वयनीने ती पिशवी घेतली. हसून घेतली. वर धरून आतले मासे पारखले आणि छातीशी धरली. तिच्या हिरव्या साडीवर पाणी उतरू लागलं.

"देव बरें करूं गो," ती मासळीवालीला म्हणाली.

मी माझी पिशवी मिटली.

"आनी किदें जाय?" वयनीने मला विचारलं.

"भाजी."

"चल तर," ती म्हणाली, आणि पुढे निघाली. भाजी उजवीकडे होती, ती डावीकडे वळली. मी तिच्या मागे गेले.