रंभाबाईच्या कांड्या

घुग्घुसच्या कोळसा सायडिंगवर टोपली वाहणाऱ्या बाईला दुपारच्या उन्हात बसायला सावली मिळाली, तर तो दिवस चांगला. रंभाबाईची सहा वर्षं अशी गेली. चौऱ्याऐंशी साली गुणवंतरावांनी चंद्रपूर रस्त्याला पत्र्याची शेड टाकली, आत प्लॅस्टिकच्या वस्तू पाडायचं हातमशीन बसवलं आणि झाडलोटीला रंभाबाईला ठेवलं. पण झाडता झाडता तिची नजर झाडूवर कमी आणि मशीनवरच जास्त. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "पाहून काय राह्यली? दाबून पाह्य."

मशीन तिला पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. कुरोड्यांचा साचाच तो, उभा केलेला. वरून गव्हाच्या चिकाऐवजी प्लॅस्टिकचे दाणे टाकायचे. विजेवर तापलेल्या नळीत ते वितळायचे, आणि दांडा खाली ओढला की रस लोखंडी साच्यात शिरायचा. साचा उघडला की वस्तू तयार. तासायला नको, घासायला नको. शेपटीसारखा उरलेला तुकडासुद्धा वाया जात नव्हता; कातरून पुन्हा दाण्यांत टाकला की झालं.

फिटर लटारू नागपुरात काम शिकून आला होता. चहा पिता पिता तो या मशीनची कुळकथा सांगायचा. शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असायचे. त्याला पर्याय शोधता शोधता तिथल्या लोकांनी सेल्युलॉइड काढलं, आणि ते साच्यात दाबायला याच जातीचं मशीन केलं. त्यावर बटणं निघाली, कंगवे निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर मळसूत्र फिरवून माल ढकलणारी मशीनं आली.

"मंग हत्ती वाचले म्हणा," रंभाबाई म्हणाली.

"थोडेबहुत वाचले असन. आपल्याले का त्यायनं चिठ्ठी धाडली?"

गुणवंतरावांनी पहिलं काम धरलं ते नागभीडच्या कोशाचं रेशीम विणणाऱ्या विणकरांचं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती कांडी पाडायची, जिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. विणकर ती बोरूची करत. बोरू निसर्गाचा; एक कांडी जाड, दुसरी वाकडी. साच्यातली मात्र हरेक सारखी यायला हवी. रंभाबाईनं टोपलीभर कांड्या पाडल्या. म्हातारे विणकर रामाजी बसने आले, त्यांनी दोन कांड्या उचलून उजेडात धरल्या.

"ही उपाशी हाय," ते म्हणाले, "अन् ही कमरेत वाकली हाय. धोट्यात घातली तं सूत तोडन."

खरंच, प्रत्येक कांडीचा बुडखा खपाटीला गेला होता. रामाजी पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा यायचं कबूल करून गेले. गुणवंतराव तिला रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. रामाजी निघतानाच त्यांच्यासमोर एवढंच म्हणाले होते, की या खेपेलाही माल परत गेला तर नागपूरहून शिकलेला गडी आणावा लागेल. म्हणजे ती पुन्हा झाडूवर, आणि शेड चालली नाही तर पुन्हा सायडिंगवर.

लटारूनं उष्णता वाढवली, मग कमी केली. दाणे ओले म्हणून उन्हात पसरले. साचा खोलून पुसला. कांडी उपाशीच. मग तो कंटाळून समोर बसला आणि तिच्या हाताकडे बघत राहिला.

"रंभाबाई, दांडा दाबला का लगेच हात काऊन उचलता?"

"नाई उचलला तं खाली ढीग होते ना! कुरोडी तोडा लागते."

लटारू हसता हसता खोकायला लागला. "इथी खाली खाट नाई, साचा हाय. आत थंड होताना माल आकसते. तुमी दाब सोडला तं ती जागा भरन कोन?"

ती लाजली. मग तिलाच हसू आलं. लहानपणापासून हाताला लागलेली सवय आता हातालाच मोडावी लागणार होती. दाबून धरायचं, पण कुठवर? भिंतीवर घड्याळ नव्हतं. विहारात रोज म्हणायच्या त्रिशरणावर तिनं मोजून पाहिलं. मनात ते एकदा पुरं होईपर्यंत दांड्यावर भार ठेवला. साचा उघडला तर कांडी भरली होती, बुडख्यापासून टोकापर्यंत गोल आणि सरळ.

बाजाराच्या दिवशी रामाजी आपला धोटा पिशवीत घालूनच आले. तिनं पुढे केलेली कांडी त्यांनी घेतली नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली काढली, सूत गुंडाळलं, धोट्यात बसवून ओढलं. सूत सरळ आलं. दुसरी काढली, तिसरी काढली.

"एका मायच्या पोरी दिसून राह्यल्या," ते शेवटी म्हणाले. मग विचार करून विचारलं, की लाल-हिरव्या होतील का? रंगावरून बारीक सूत नि जाड सूत वेगळं ठेवता येईल. लटारू म्हणाला, रंग दाण्यांतच मिसळतो, निघता निघत नाही. तेव्हा म्हातारबा खुलले. दोन्ही रंगांचा माल सांगून टाकला आणि जाता जाता गुणवंतरावांना विचारलं, "तो नागपूरचा गडी आला तं असंच पाडन ना?"

"नागपूरचा काऊन?" गुणवंतराव म्हणाले. "हे रंभाबाईचं मशीन हाय."

रंभाबाईनं पदरानं हात पुसले. एवढं बोलणं झालंच आहे तर आणखी एक सांगून टाकावं असं तिला वाटलं.

"मंग भाऊ, हा दांडा जरा खाली करून द्या. गडीमानसाच्या उंचीचा हाय. मले दोन विटांवर उभं राहा लागते."

लटारू पाना आणायला उठला.