वापरून झालेलं नाव

फिलोमिना आंटी नसती तर मी गुपचूप परभणीला परत गेले असते आणि हे कुणाला कळलंही नसतं. म्हणून आधी तिचं नाव. चारकोपच्या गावठाणातली ख्रिस्ती बाई. मी ज्या घरी राहून काम करायचे, त्याच्या शेजारी ती स्वयंपाकाला यायची.

मी आठवीत शाळा सोडून आलेली. घरातल्या सूनबाईंचं नाव प्रज्ञा. माझंही प्रज्ञा. मी त्यांना वहिनी म्हणायचे, त्यामुळे वर्षभर काही अडलं नाही.

मग हळदीकुंकू आलं. हॉल बायकांनी भरलेला. वहिनींच्या सासूबाईंनी हाक मारली, "प्रज्ञा, नाव घे गं!"

उखाणा घ्यायला सांगत होत्या. सुनेला. मी स्वयंपाकघरात होते, फक्त माझं नाव ऐकलं. "ओ, आले" म्हणत ओढणीला हात पुसत बाहेर. वहिनीही उठलेल्या. दोघी समोरासमोर.

एक बाई म्हणाली, "अगं बाई! आता हीच घेते की काय तुझ्या नवऱ्याचं नाव?"

हॉल हसला. सगळा. मी तशीच मागे फिरून स्वयंपाकघरात गेले.

बायका गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून तू मंगल."

"का?"

"का काय? माझं माहेरचं नाव आहे. लग्नात तांदळात लिहून बदललं. पडूनच आहे, तू वापर."

त्यांच्या जुन्या साड्या मला मिळायच्या. तसंच हेही.

तीन दिवस मी मंगल होते. ओ देत होते. भूक लागत नव्हती. चौथ्या दिवशी वॉचमनने गेटचं नवं कार्ड आणून दिलं. फोटो माझा. नाव मंगल.

माझ्या बापाच्या आईचं नाव कचराबाई. तिच्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तिला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं. ती जगली. पण गावातले मोठे लोक जन्मभर तोंड भरून कचरा म्हणाले. बापाने विहारात प्रज्ञा हा शब्द ऐकला. प्रज्ञा म्हणजे समज. पोरगी झाली तर द्यायचा म्हणून जपून ठेवला. त्याला स्वतःला ज्ञ लिहिता येत नाही.

मी कार्ड वहिनींच्या हातात दिलं. "हे माझं नाही."

"फोटो तुझाच आहे ना?"

"नाव नाही. मी मंगलला ओ देणार नाही, वहिनी."

"मग भर तुझे कपडे."

भरले. परभणीशिवाय जायला जागा नव्हती.

लिफ्टपाशी आंटी भेटली. "काय गो झालं?" सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात बाप्तिस्म्याला नाव देतात. मेल्यावर क्रुसावर पण तेच लिवतात. मधी बदलणारी ही कोण? चल घरी."

दोन महिने तिच्याकडे राहिले. कोणी विचारलं की ती सांगायची, "ही परग्न्या," आणि माझ्याकडे बघायची, "बरोबर ना गो?"

आता भाड्याच्या खोलीत राहते, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जाते. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. भीती गेलेली नाही. सुपरवायझरने नुसतं "ए" केलं तरी दचकते. पण मी मान वर करत नाही. नावाने हाक मारेपर्यंत नाही. दहावी होणार. माझ्या नावावर खोली घेणार. आंटीचे गुडघे गेलेत, पोरं परदेशात. चालणं बंद होईल त्या दिवशी तिला उचलून माझ्याकडे आणीन. नको म्हणाली तरी ऐकणार नाही.