गाडी मागे घेतानाची धून

माझ्या बहिणीच्या हळदीला चुलतभावाने जी धून वाजवून अख्खं उमेळं गाव नाचवलं, ती मुळात पियानोची. कुणा जर्मन संगीतकाराने कधीकाळी लिहिलेली. आपल्याकडे ती गाडी मागे घेताना वाजते. टेम्पो, शाळेची बस, पाण्याचा टँकर, सगळ्यांना तीच. भावाने ती टेम्पोकडूनच उचलली.

मी मात्र ती रीतसर शिकलो. गोखिवऱ्याच्या कंपनीतून सुटलो की वसई गावात एका सरांकडे जायचो. सर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि माझं डाव्या हाताचं बोट चुकलं की त्यावर पेन्सिल आपटायचे. धाकटी बहीण तेव्हा कॉलेजसाठी एव्हरशाईनच्या फ्लॅटवर माझ्याकडेच राहायची. मी वाजवायचो, ती शेजारी वाचत बसायची. चांगलं की वाईट, कधी बोलली नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की तिच्या लग्नात हीच धून तिच्यासाठी वाजवायची आणि तिचे डोळे भरून आणायचे.

हळदीच्या संध्याकाळी वाडीतल्या मांडवात कीबोर्ड लावला. भाऊ ज्यात वाजवतो ती बेंजो पार्टी आधीच येऊन बसली होती. त्यांना जरा थांबायला सांगितलं. डोळे मिटून सुरुवात केली. दोन ओळी होतात न होतात तोच मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. काकीने नातवाला ओढून बाजूला घेतलं. काका उठून मांडवाच्या तोंडाशी गेले आणि अंधाराकडे बघत हात हलवू लागले.

"येऊ दे, येऊ दे. मागं पान्याचा पिंप हाय, सांभाळ."

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. बहीणही हसली, पार पोट धरून. माझी बोटं थांबली. भाऊ लगेच म्हणाला, दादा, पुढचं माझ्यावर सोड. त्याने कीबोर्डवर तीच धून दुप्पट लयीत उचलली, ढोलवाल्यांनी ठेका धरला आणि जो तो उठला. काकासुद्धा नाचले. हळदीने माखलेली बहीण पाटावरून उठून त्याच्यासमोर नाचत होती.

मी जळलो. पार आतून जळलो. या माणसाला सूर लिहिलेला वाचता येत नाही. डावा हात तो वाजवायला वापरतच नाही, तो वर करून लोकांना नाचवायला असतो. आणि तरी सगळं गाव त्याचं. जेवताना चार जणांनी मला येऊन सांगितलं की तुझा भाऊ काय वाजवतो. मी हो म्हणालो आणि भात चिवडत बसलो.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. आमच्या घरापुढे केळीच्या दोन वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट आहे, तिथे गाडी वळत नाही. बहीण रडली नव्हती. आईच्या गळ्यात पडतानाही नाही. गाडीत बसली, ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला आणि ती धून सुरू झाली. बारीक, किरकिरी, डाव्या हाताशिवायची. या वेळी कुणी हसलं नाही. काका गाडीमागे खरोखरच हात हलवत होते.

बहिणीने खिडकीतून माझा हात धरला. मी गाडीबरोबर चालू लागलो. तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

"दादा, आता तुझं कोण ऐकणार?"

गाडी डांबरी रस्त्यावर आली, गिअर बदलला आणि धून अर्ध्यात तुटली. तिचा हात सुटला. भावावरचा राग तिथेच विरला. पण तिला मी रडवायचं होतं, आणि ते एका भाड्याच्या गाडीने केलं, याने मी अजून जळतो.